पूजाअर्चा, उपास आणि प्रकृती: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

परळ-लालबागच्या पट्ट्यात दवाखाना चालवायचा म्हणजे देवाधर्माचे प्रश्न टाळून चालत नाही. आजूबाजूला केईएम, टाटा, वाडिया ही इस्पितळं, गल्लोगल्ली गणपतीची मंडळं आणि चालत जाता येईल इतक्यावर सिद्धिविनायक. केसपेपरच्या घडीत अंगाऱ्याची पुडी ठेवून येणारे पेशंट इथे रोजचे. तपासून झालं की दाराशी थबकून ते जे विचारतात, ते इथे एकत्र केलं आहे. उत्तरं सर्वसाधारण आहेत. गोळीचा डोस बदलायचा असेल तर तुमच्या डॉक्टरांना विचारूनच बदला.

रोज देवळात जाणारी माणसं जास्त जगतात, हे खरं का?

याच्या जवळ जाणारी एक गोष्ट खरी आहे. अमेरिकेत ७४,५३४ परिचारिकांवर १९९६ ते २०१२ अशी सोळा वर्षं नजर ठेवली गेली. हार्वर्डच्या संशोधकांनी २०१६ मध्ये ते निष्कर्ष छापले. आठवड्यातून एकापेक्षा जास्त वेळा प्रार्थनेला जाणाऱ्या बायकांमध्ये, कधीच न जाणाऱ्यांच्या तुलनेत, त्या काळात मृत्यूचं प्रमाण ३३ टक्क्यांनी कमी निघालं.

हा आकडा आता व्हॉट्सॲपवर ‘विज्ञानानेही मान्य केलं’ अशा मथळ्याखाली फिरतो. पण त्या अभ्यासाचा पुढचा भाग जास्त कामाचा आहे. फरक पडला कशामुळे, हेही संशोधकांनी तपासलं. सर्वांत मोठा वाटा निघाला माणसांच्या आधाराचा आणि सिगारेट न ओढण्याचा. दोन्ही जवळपास पाव-पाव. त्याखालोखाल नैराश्य कमी असणं आणि आशावादी स्वभाव. म्हणजे चर्चला जाणाऱ्या बाईला विचारपूस करणारं कोणीतरी असतं, तिच्या हातात सिगारेट नसते आणि ती एकटी कुढत बसत नाही. या कारणांनी सगळा फरक उलगडत नाही, थोडा उरतोच. तो उरलेला भाग श्रद्धावान देवाच्या खात्यात टाकतील, संशोधक ‘अजून न मोजलेली कारणं’ या खात्यात टाकतील. मी त्या वादात पडत नाही.

आणखी एक मेख. ज्याचे गुडघे धड आहेत, ज्याला दम लागत नाही, तोच दर मंगळवारी रांगेत उभा राहू शकतो. अर्धांग झालेला माणूस घरी असतो. तेव्हा देवळात जातो म्हणून ठणठणीत, की ठणठणीत आहे म्हणून देवळात जातो? चांगल्या अभ्यासात आधीची प्रकृती हिशेबात धरतात आणि तरीही फरक दिसतो, हे कबूल. पण त्या परिचारिका अमेरिकेतल्या, बहुतेक ख्रिस्ती. त्यांचा आकडा दादरच्या काकूंना जसाच्या तसा लावता येत नाही.

मी देवळात जात नाही, घरीच पूजा करते. मला याचा फायदा नाही का?

मन शांत होणं, पहाटे उठण्याची शिस्त, दिवसाला एक आकार येणं, हे सगळं घरच्या पूजेतही मिळतं. फक्त माणसं मिळत नाहीत, आणि वर पाहिलं तसं मोठा वाटा माणसांचाच आहे. २०१० मध्ये १४८ अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला होता. त्यात तीन लाखांहून जास्त माणसांची माहिती होती. ज्यांची नातीगोती, मित्रमंडळी भक्कम, त्यांची जिवंत राहण्याची शक्यता सुमारे ५० टक्क्यांनी जास्त निघाली. तिथे देवधर्माचा प्रश्नच नव्हता.

लोकलमधल्या भजनी मंडळांकडे मी याच नजरेने बघतो. विरारची असो की कर्जत-कसाऱ्याची, ठरलेली गाडी, ठरलेला डबा, टाळ, एखादी ढोलकी. शेजारच्याला झोप हवी असेल तर त्याची चिडचिड मी समजू शकतो. पण मंडळातला एखादा गडी दोन दिवस दिसला नाही तर तिसऱ्या दिवशी फोन जातो. निवृत्तीनंतर हेच काही जण पास संपला की खचतात. अशांना मी गोळीबरोबर सोसायटीतलं किंवा वडाळ्याच्या विठ्ठल मंदिरातलं भजन सुचवतो. नास्तिक असाल तर नाना-नानी पार्क आणि कॅरमचा क्लब आहेच.

जप केल्याने बीपी कमी होतं का?

थोडं, आणि बहुतेक श्वासामुळे. २००१ मध्ये इटलीतल्या संशोधकांनी २३ निरोगी माणसांना लॅटिनमधून जपमाळेची प्रार्थना म्हणायला लावली आणि ‘ॐ मणि पद्मे हुम्’ हा मंत्रही. दोन्हींत श्वास मिनिटाला सुमारे सहावर आला. रक्तदाब सांभाळणारी शरीरातली जी आपोआप चालणारी यंत्रणा आहे, ती या लयीत जास्त तरतरीत झाली. दोन धर्म, दोन भाषा, लय एकच.

विष्णुसहस्रनाम किंवा हरिपाठ संथ म्हणणाऱ्यालाही एका श्वासात एक ओळ म्हणायची सवय असते. तिथेही श्वास लांबतोच. मात्र पाच पंचविसाची गाडी गाठायची म्हणून उभ्या उभ्या अथर्वशीर्ष उरकणाऱ्याला हा फायदा होईल असं वाटत नाही.

गोळी बंद करण्याइतकं बीपी याने उतरत नाही. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१७ मध्ये ध्यानधारणेबद्दल हेच म्हटलं: जोडीला करायला हरकत नाही, नेहमीच्या उपचारांच्या जागी नको. बीपी मोजायचं असेल तर जपाच्या आधी मोजा. जपानंतर लगेच मोजलेला आकडा डायरीत लिहून आणणारे हुशार पेशंट मला ठाऊक आहेत.

दुसऱ्याने प्रार्थना केली तर ऑपरेशन झालेला पेशंट लवकर बरा होतो का?

यावर झालेला सर्वांत मोठा प्रयोग अमेरिकेतला. २००६ साली त्याचे निष्कर्ष आले. सहा इस्पितळं, बायपास झालेले १,८०२ पेशंट, तीन गट. पहिल्या गटासाठी अनोळखी लोकांनी प्रार्थना केली, दुसऱ्यासाठी नाही. पण आपण कुठल्या गटात आहोत हे दोन्हींतल्या कोणालाच माहीत नव्हतं. तिसऱ्या गटाला मात्र ‘तुमच्यासाठी नक्की प्रार्थना होणार’ असं सांगितलं होतं. ऑपरेशननंतर काही ना काही गुंतागुंत झाली ती अनुक्रमे ५२, ५१ आणि ५९ टक्के लोकांना. ज्यांना सांगितलं होतं, त्यांचंच जरा जास्त बिघडलं! का, ते कोणी ठामपणे सांगू शकलं नाही. ‘माझ्यासाठी प्रार्थना करायची वेळ आली, म्हणजे माझं काही खरं नाही’ अशी भीती बसली असेल, असा एक अंदाज त्या वेळी मांडला गेला.

ही शंका जुनीच आहे. १८७२ मध्ये इंग्लंडच्या फ्रान्सिस गाल्टन यांनी एक साधा हिशेब केला. राजाच्या दीर्घायुष्यासाठी देशभरातल्या चर्चमध्ये दर आठवड्याला प्रार्थना होते, मग राजे जास्त जगतात का? सुखवस्तू वर्गांमध्ये राजघराण्यातलीच माणसं सर्वांत कमी जगलेली निघाली.

याचा अर्थ आजारी आईसाठी दिवा लावू नका असा घेऊ नका. त्या प्रयोगात प्रार्थना करणारे परके होते. घरचं माणूस प्रार्थना करतं, तेव्हा ते उशाशी बसलेलंही असतं, औषधाची वेळ पाळतं, डबा आणतं.

उपासाने पोटाला आराम मिळतो ना?

खाल्लंच नाही तर मिळेल. आपल्याकडच्या उपासाचं ताट बघा: साबुदाण्याची खिचडी, बटाट्याची भाजी, वेफर्स, राजगिऱ्याचा लाडू, रताळ्याचा कीस, वर दुपारी साबुदाणावडा. दादर स्टेशनबाहेर चतुर्थीच्या संध्याकाळी वड्यांच्या कढईभोवती जी गर्दी असते, तिला उपास म्हणायला माझी जीभ धजत नाही.

साबुदाणा म्हणजे जवळपास निव्वळ स्टार्च. शंभर ग्रॅम कोरड्या साबुदाण्यात साडेतीनशेच्या आसपास कॅलरी, प्रथिनं नावापुरती, चोथा जवळजवळ नाही. शेंगदाण्याच्या कुटामुळे थोडी प्रथिनं येतात आणि साखर जरा सावकाश चढते, एवढंच. खरोखर हलकं राहायचं असेल तर दही, ताक, एखादं फळ, मूठभर दाणे, भगर किंवा राजगिऱ्याची भाकरी आणि काकडीची कोशिंबीर.

अधूनमधून न खाण्याने वजन घटतं, पण ते दिवसभरात एकूण कमी खाल्लं म्हणून. सोळा तासांचा उपास सोडताना पुरणपोळी आणि श्रीखंड हाणलं तर हिशेब तिथेच फिटला.

भगर खाल्ल्याने विषबाधा होते असं दर नवरात्रात ऐकतो. खाऊ का नको?

खा, पण बघून घ्या. भगरीला ओल लागली की बुरशी धरते आणि तिच्या विषाने उलट्या, चक्कर, हातपाय थरथरणं असे त्रास होतात. महाराष्ट्रात महाशिवरात्र-नवरात्राच्या दिवसांत अशी प्रकरणं पुन्हा पुन्हा घडली आहेत. सुटी भगर आणि भगरीचं तयार पीठ घेऊ नका. बंद पाकीट, तारीख बघून. निवडा, स्वच्छ धुवा, पीठ लागेल तेवढंच घरी दळा. आपल्या दमट हवेत ते पटकन खराब होतं. भंडाऱ्यात शेकडो लोकांसाठी शिजवलेली भगर तासन्‌तास तशीच राहिली असेल तर हात जोडून पुढे चला.

मला शुगर आहे. एकादशी, नवरात्र किंवा रोजे करू शकतो का?

काहींना जमतं, काहींना अजिबात नाही. ठरतं ते औषधावर.

मेटफॉर्मिन एकटीच चालू असेल तर शुगर एकदम खाली जाण्याचा धोका कमी. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड किंवा इन्सुलिन चालू असेल आणि पोटात काहीच नसेल तर घाम, थरथर, गोंधळल्यासारखं होणं, आणि वेळेत लक्षात आलं नाही तर बेशुद्धी. डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या नव्या गोळ्यांचं वेगळंच: कडक उपासात, विशेषतः निर्जळीत, शरीरात पाणी कमी पडतं आणि रक्तात आम्ल साठू शकतं. त्यात शुगरचा आकडा फारसा वाढलेलाही दिसत नाही, म्हणून फसगत होते. मळमळ, पोटदुखी, धाप लागली तर ‘पित्त झालं’ म्हणून झोपून राहू नका, इस्पितळात जा.

रोज्यांबद्दल जगभरच्या तज्ज्ञांनी ठरवलेला नियम सगळ्यांनाच उपयोगी आहे. शुगर ७० च्या खाली किंवा ३०० च्या वर गेली की त्या दिवसाचा रोजा तिथेच सोडायचा. बोटातून रक्त काढून तपासल्याने रोजा तुटत नाही, हेही त्या सूचनांत स्पष्ट लिहिलं आहे. भेंडीबाजार, कुर्ला, मुंब्र्याकडून येणारे बरेच जण केवळ या गैरसमजापोटी महिनाभर शुगर मोजत नाहीत. टाइप १ मधुमेह, गरोदरपणातली शुगर, नुकताच येऊन गेलेला हार्ट अटॅक, बिघडलेली किडनी: यांनी उपासाच्या वाटेला जाऊ नये. इस्लाममध्ये आजाऱ्याला सवलत आहे आणि आपल्याकडेही फलाहार, एकभुक्त असे मार्ग आहेतच. गोळ्यांच्या वेळा आणि डोस किमान दोन आठवडे आधी ठरवून घ्या. आदल्या रात्री दहाला फोन करू नका. (करता. मी उचलतोही.)

किडनीच्या पेशंटने उपासाला काय खावं?

इथे उपासाचे पदार्थच उलटतात. शहाळं, केळी, खजूर, बटाटा, रताळं, सुकामेवा या सगळ्यांत पोटॅशियम भरपूर. किडनी ते बाहेर टाकू शकत नसेल तर रक्तात साठतं आणि हृदयाचे ठोके बिघडतात. डायलिसिसवरच्या माणसाने एकादशीला दोन शहाळी आणि चार केळी खाणं हा जिवाशी खेळ आहे. ‘सैंधव चालतं ना?’ तेही मीठच, सोडियम जवळपास तेवढंच. ‘लो सोडियम’ म्हणून मिळणाऱ्या मिठात पोटॅशियम घातलेलं असतं, तर ते आणखी वाईट. आहारतज्ज्ञ लिहून देतील तेवढंच खा.

सोमवारी रात्री निघून अनवाणी सिद्धिविनायकाला चालत जातो. चालणं चांगलंच ना?

चालणं उत्तम. बोरिवली, ठाण्याकडून वीस-पंचवीस किलोमीटर चालत पहाटेच्या दर्शनाला येणारी मंडळी बघून मलाही हुरूप येतो. माझा आक्षेप फक्त अनवाणीला आहे, आणि तोही ठरावीक लोकांसाठी.

दहा-पंधरा वर्षांचा मधुमेह असेल तर पायाची संवेदना हळूहळू जाते. काच घुसली, खिळा लागला, तरी कळत नाही. एप्रिल-मे महिन्यात दुपारी देवळाच्या अंगणातली फरशी तापलेली असते. धड माणूस टुणकन उडी मारतो, संवेदना गेलेला माणूस शांतपणे प्रदक्षिणा घालतो आणि संध्याकाळी तळव्याला फोड दिसतात. त्या फोडाची जखम होते, जखमेत पू होतो, आणि बोट किंवा पाय काढायची वेळ येते. असे पाय ज्यांनी पाहिले आहेत ते या विषयात मवाळ बोलत नाहीत.

उपाय सोपा आहे. देवळापर्यंत चांगले बूट घालून जा, आत जाड सुती मोजे. पुजारीबुवांना कारण सांगितलं तर मला तरी कोणी हटकलेलं आठवत नाही. घरी आल्यावर तळवे आरशात बघा, बोटांच्या बेचक्यासुद्धा. पायाला संवेदना किती उरली आहे हे तपासायची नायलॉनच्या धाग्याची चाचणी दोन मिनिटांची आहे, वर्षातून एकदा करून घ्या.

पावसाळ्यात आणखी एक. हिंदमाता, परळ, किंग्ज सर्कलच्या तुंबलेल्या पाण्यातून जखमी पायाने चालत गेलात तर लेप्टोचा धोका. उंदीर-घुशींच्या लघवीतून तो जंतू पाण्यात येतो. पालिका दरवर्षी सांगते की अशा पाण्यातून गेलात तर ७२ तासांच्या आत डॉक्टरांना दाखवून प्रतिबंधक गोळी घ्या. ताप येईपर्यंत थांबू नका.

विसर्जनाला समुद्रात उतरणाऱ्यांसाठीही दोन ओळी. २०१३ मध्ये गिरगाव चौपाटीवर बऱ्याच भाविकांना पाकट माशाने डंख केला होता, तेव्हापासून इशारे लागतात. डंख झाला तर पाय सोसवेल इतक्या गरम पाण्यात बुडवून ठेवा आणि दवाखान्यात जा. पायात गमबूट घालून उतरलात तर गणपती रागावत नाही.

रांगेत चक्कर का येते? देवाचं वारं अंगात येतं म्हणतात.

लालबागच्या राजाच्या नवसाच्या रांगेत कित्येक तास जातात. पोट रिकामं, पाणी प्यायलेलं नाही, भोवती गर्दीचा उकाडा, एका जागी ताठ उभं राहणं. रक्त पायात उतरून साठतं, मेंदूला कमी पडतं, डोळ्यांपुढे अंधारी येते. बीपीच्या किंवा लघवीच्या गोळ्या घेणाऱ्यांना हे लवकर होतं. पोटऱ्या आवळत-सोडत राहा, पायाचं वजन बदलत राहा, अंधारी येतेय वाटलं की लाज न बाळगता खाली बसा. पडलेल्या माणसाला आडवा करून पाय उचला. धरून उभा करायला जाऊ नका, नेमकं तेच लोक करतात.

बायकांबद्दल मुद्दाम लिहितो. ‘मध्येच कुठे जाणार’ म्हणून सकाळपासून पाणी न पिणं आणि लघवी तुंबवून धरणं, याने पुढच्या आठवड्यात जळजळ घेऊन माझ्याकडे यावं लागतं. मुखदर्शनाची रांग लहान असते. त्या दर्शनाने पुण्य कमी लागतं असं मला अजून कोणी सांगितलेलं नाही.

उन्हाचं तर हसण्यावारी नेऊच नका. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरला भर उन्हात झालेल्या कार्यक्रमानंतर उष्माघाताने १४ जण गेले. रामनवमीच्या सुमारास शिर्डीला पायी जाणाऱ्या पालख्यांनी दुपारी बारा ते चार चालूच नये, आणि रात्री महामार्गावर चालताना अंगावर चमकणाऱ्या पट्ट्या हव्यातच.

उदबत्ती आणि धुपाने हवा शुद्ध होते की बिघडते?

बिघडते. वास चांगला येतो, पण धूर तो धूर. सिंगापूरमध्ये साठ हजारांवर चिनी वंशाच्या लोकांचा बरीच वर्षं अभ्यास झाला. २००८ मध्ये छापलेल्या त्या निष्कर्षांत दीर्घकाळ घरात उदबत्त्या जाळणाऱ्यांमध्ये नाक-घसा-तोंडाच्या काही कर्करोगांचं प्रमाण जास्त दिसलं. तिथे घरात दिवसभर उदबत्ती तेवत ठेवण्याची रीत. आपल्या सकाळ-संध्याकाळच्या एकेका काडीशी त्याची बरोबरी नाही. पण दहा बाय बाराची खोली, खिडकी बंद, मच्छरची कॉइल आणि वर धूप, आणि त्यात दम्याचं पोर, हे चित्र चाळीत नवं नाही. खिडकी उघडा, एकच काडी लावा, किंवा नुसता तेलाचा दिवा आणि फुलं.

कापूर लहान मुलांच्या हाती लागू देऊ नका. पांढरी वडी खडीसाखरेसारखी दिसते आणि थोडा कापूरही पोटात गेला तर मुलाला झटके येऊ शकतात. मूल कापूर खाल्लेलं आढळलं तर उलटी करवू नका, सरळ इस्पितळ गाठा.

ढोल-ताशा आणि डीजेने कानावर परिणाम होतो का?

होतो. ८५ डेसिबलचा आवाज कान आठ तास सोसतो असं धरतात. पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मी. १०० डेसिबलला उरतात पंधरा मिनिटं. पथकातल्या मुलामुलींनी कानात बोळे घालावेत, फोमचे मेडिकलमध्ये मिळतात. वाजवून आल्यावर कानात शिट्टी वाजत असेल तर तो इशारा समजा.

कायदा आहे: रात्री दहा ते सकाळी सहा लाउडस्पीकर बंद, इस्पितळाभोवतीचा शंभर मीटरचा पट्टा शांतता क्षेत्र. वर्षातले काही ठरावीक दिवस सरकार बारापर्यंत सूट देतं. लाउडस्पीकर हा कुठल्याही धर्माचा अत्यावश्यक भाग नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये म्हटलं. वाडियाच्या खिडकीत तान्हं मूल घेऊन उभ्या असलेल्या आईला विचारलं असतं तर तिने आधीच सांगितलं असतं.

तीर्थ प्यायलं तर काही होतं का?

घरचं, स्वच्छ पाण्याचं असेल तर काही नाही. कुंडातलं, समुद्रातलं, कुठून टपकतंय ते माहीत नसलेलं पाणी पिऊ नका. ऑगस्ट २००६ मध्ये माहीमच्या खाडीचं पाणी गोड झालं म्हणून लोक बाटल्या भरभरून प्यायले. मिठी नदी शहराची घाण घेऊन तिथेच उतरते. मार्च २०१२ मध्ये विलेपार्ल्यात क्रुसावरून थेंब ठिबकायला लागले तेव्हाही ते पाणी प्राशन केलं गेलं. तुंबलेल्या गटाराचं पाणी भिंतीतून वर झिरपतंय, असं एका विवेकवादी कार्यकर्त्याने दाखवून दिलं. त्यावर आभार मानायचे, तर त्याच्यावरच धार्मिक भावना दुखावल्याच्या तक्रारी झाल्या.

तांब्याच्या कलशात रात्रभर ठेवलेल्या पाण्यातले बरेच जंतू मरतात, हे मात्र प्रयोगशाळेत दिसलं आहे. त्यात ताक किंवा लिंबूपाणी ठेवू नका.

घंटेच्या नादाने मेंदूचे दोन्ही भाग जुळतात, टिळ्याने डोकेदुखी जाते, टाळ्यांनी हृदयाचे ब्लॉकेज निघतात. खरं?

नाही. तिन्ही नाही. टाळ्या वाजवा, आरतीची मजा आहे ती. छातीत दुखलं तर ईसीजी काढा.

गुडघे दुखतात. साष्टांग नमस्कार, नमाज, मांडी घालून बसणं सोडून देऊ का?

दुखत नसेल तेवढं करा. उठबस, वाकणं, जमिनीवरून हात न टेकता उठणं हा म्हातारपणी पडण्यापासून वाचवणारा व्यायाम आहे. गुडघ्याची वाटी झिजली असेल किंवा बदलली असेल तर खुर्चीवर बसून पूजा करा. खुर्चीवरून नमाज पढायची मुभा आहे, मशिदींमध्ये खुर्च्या ठेवलेल्या दिसतात. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर डोकं जमिनीला टेकवणं डोळ्यांचे डॉक्टर सांगतील तोवर बंद. बाबुलनाथला लिफ्ट आहे, वापरा.

नवस बोललो तर आजार बरा होतो का?

बांद्र्याच्या माउंट मेरीच्या पायथ्याशी मेणाचे हात, पाय, डोळे विकायला असतात. जे दुखतं ते मेणाचं घ्यायचं आणि माउलीला वाहायचं. तिथे हिंदू, ख्रिस्ती, मुसलमान सगळे दिसतात, सप्टेंबरच्या जत्रेत तर पाय ठेवायला जागा नसते. नवसाने माणसाला काहीतरी केल्याचं समाधान मिळतं, आणि हतबल होऊन बसण्यापेक्षा ते बरं. पण बऱ्याच दुखण्यांना चढउतार असतात. दुखणं टोकाला गेलं की आपण नवस बोलतो, आणि टोकाला गेलेलं दुखणं त्यानंतर बहुधा थोडं उतरतंच. उतरलं की श्रेय नवसाला, नाही उतरलं तर आपलं काहीतरी चुकलं म्हणून दोष आपल्यालाच.

माहीमला शीतलादेवीचं देऊळ आहे. देवीच्या रोगाची साथ आली की शीतलादेवीला साकडं घालायची पद्धत देशभर होती. भारतात देवीचा शेवटचा रोगी १९७५ मध्ये सापडला, १९८० मध्ये जगातून रोग गेल्याचं जाहीर झालं, तो लशीने. देऊळ अजून आहे, लोक अजून जातात. आपल्या मुलांना लस टोचून, मग जातात.

मला कॅन्सर झाला. सासूबाई म्हणतात, मागच्या जन्मीचं पाप. मलाही तसंच वाटायला लागलंय.

हा प्रश्न मला कोणी मोठ्याने विचारत नाही. तपासणीच्या टेबलावर, पडदा ओढल्यावर, हळूच येतो.

श्रद्धा प्रकृतीला मदत करते तशी ती बाधूही शकते. अमेरिकेत ५९६ आजारी, वयस्क पेशंटचा दोन वर्षं पाठपुरावा झाला. देवाने आपल्याला टाकलं, देव आपल्याला शिक्षा करतोय, असं ज्यांच्या मनात घर करून होतं, त्यांच्यात मृत्यूचं प्रमाण जास्त आढळलं. मूळ आजाराची तीव्रता हिशेबात धरूनही. २००१ मधला हा अभ्यास.

कॅन्सर पेशींमधल्या बिघाडाने होतो. तंबाखू, काही विषाणू, वय, आनुवंशिकता, आणि पुष्कळदा केवळ दुर्दैव. तुमच्या स्वभावाचा, व्रत मोडल्याचा, लग्नाआधी केलेल्या कशाचा त्याच्याशी संबंध नाही. सासूबाईंना पुढच्या वेळी घेऊन या, त्यांच्याशी मी बोलतो. झोप उडाली असेल, रडू थांबत नसेल तर तेही सांगा. त्याला औषध आहे आणि समुपदेशकही आहेत.

आणि एक: सारखे हात धुणं, सोवळं मोडलं म्हणून दिवसातून पाच-सहा वेळा अंघोळ, मंत्र चुकला म्हणून पुन्हा पहिल्यापासून, असं तासन्‌तास चालत असेल तर ती भक्ती नसून आजार असू शकतो. मनोविकारतज्ज्ञांकडे तो आटोक्यात येतो.

एक महाराज म्हणतात, गोळ्या बंद करा, फक्त अंगारा लावा. काय करू?

महाराज बंद करा.

कायद्याची माहिती हवी असेल तर: महाराष्ट्रात २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे. साप, विंचू, कुत्रा चावलेल्या माणसाला वैद्यकीय उपचार घेण्यापासून रोखून मंत्रतंत्र, गंडेदोरे करणं हा त्यात गुन्हा आहे. बोटांनी शस्त्रक्रिया करतो, गर्भाचं लिंग बदलून देतो असे दावेही. शिक्षा सहा महिने ते सात वर्षं. पूजा, प्रदक्षिणा, वारी, कीर्तन, भजन यांना त्या कायद्याने हात लावलेला नाही, त्यामुळे ‘धर्मावर घाला’ वगैरे ओरड ऐकली तर कायदा वाचा. मंत्र, ताईत, कवच यांनी रोग बरा होतो अशी जाहिरात करायला १९५४ च्या केंद्राच्या कायद्यानेच बंदी आहे.

देवस्थानांकडून उपचाराला मदत मिळते का?

मिळते, आणि ती मागायला संकोच करू नका. सिद्धिविनायक न्यास गरजू रुग्णांना आर्थिक मदत देतो, लालबागच्या राजाचं मंडळ डायलिसिस केंद्र चालवतं. टाटाला बाहेरगावाहून येणाऱ्यांना दादरची गाडगे महाराज धर्मशाळा माहीत असतेच. रोग्याला औषधोपचार हा गाडगेबाबांच्या दशसूत्रीतलाच भाग. इस्पितळाच्या समाजसेवा विभागात जा, कुठले कागद लागतात ते तिथे सांगतील. मूळ कागद कोणाला देऊ नका, झेरॉक्स द्या.

आयसीयूत अंगारा लावला, तीर्थ पाजलं तर चालेल?

आधी सिस्टरना विचारा. कपाळाला चिमूटभर अंगारा लावायला सहसा कोणी नाही म्हणत नाही, नळ्या आणि पट्ट्यांपासून लांब. तोंडात काही घालू नका: पेशंट अर्धवट शुद्धीत असेल तर ते पाणी फुप्फुसात जातं. फुलं, हार बाहेर ठेवा. ऑपरेशनला नेताना हातातला गंडा, गळ्यातला ताईत, बोटातली खड्याची अंगठी काढतात, तेव्हा हुज्जत घालू नका. रुमालात बांधून नातेवाइकाकडे द्या, वॉर्डात आल्यावर पुन्हा बांधता येतं.